एक बोट

दोन नंबरच्या लेण्यात भिंतीवर सिद्धार्थाचा जन्म रंगवलाय. बुद्धपौर्णिमेला अजिंठ्याहून आमची सगळी वस्ती लेणीला निघाली. आक्का राहिली. ‘पोट बिघडलंय,’ म्हणाली. दोन वर्षं तिचं पोट बिघडलेलंच होतं.

खरं कारण आपल्या लिखाणात येत नाही, म्हणून लिहितो. आक्काला संडास धरवत नव्हती. पहिलं बाळंतपण, पोर चिमट्यानं ओढलेलं. बाहेरून टाके घातले आणि घरी लावलं. माय म्हणायची, बाळंतवारं लागलंय. दाजी अंगणात निजायला लागले. कुठं जायचं असलं की आक्का आदल्या दिवसापासून जेवायची नाही.

शेवटी संभाजीनगरला नेलं. (आमच्या तोंडी औरंगाबादच.) तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, ‘वारा आवरतो का? कपडे खराब होतात का?’ आक्का रडायलाच लागली. इतक्या दिवसांत कुणी विचारलंच नव्हतं. मग बाईंनी हातमोजा घालून गुदद्वारात बोट घातलं, म्हणाल्या, ‘आवळ.’ पुढच्या अंगाला पकडच नव्हती. सोनोग्राफीत स्नायूचं कडं पुढून तुटलेलं दिसलं.

मी सूतगिरणीत साच्यावर आहे. धागा तुटला की टोक कांडीवर गुंडाळलं जातं. नुसतं बघून सापडत नाही, बोटानं काढावं लागतं. या स्नायूचंही तसंच. फाटला की टोकं आत ओढली जातात, वरून कातडी शिवली की सगळं झाकतं. म्हणून टाके घालायच्या आधीच उजेडात बघायचं, बोटानं चाचपायचं. फाट स्नायूत गेली तर तिसऱ्या दर्जाची, आतल्या अस्तरापर्यंत गेली तर चौथ्या. तेव्हाच नीट शिवली तर बहुतेक बायका बऱ्या होतात.

जात बघूनच आक्काला तपासलं नाही, असं मी छाती ठोकून म्हणणार नाही. ही फाट जगभर सुटते, सवर्ण बायकांचीही. पण पत्ता विचारला, पत्त्यात वस्ती आली, आणि त्यानंतर हात न लावता लांबूनच ‘सरक’ म्हणाले, हे आक्का विसरलेली नाही.

१९२८ साली बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळात कारखान्यातल्या बाळंतिणींच्या हक्काच्या बिलासाठी बोलले. त्यांना लाज वाटली नाही. आपल्या बैठकीत मी आक्काचं सांगितलं, तर कार्यकर्ते चपलांकडे बघत बसले. एकानं विषय बदलला.

आक्काच्या ऑपरेशनची तारीख मिळालीय. परवा शेजारची वहिनी आली, आक्काला आत घेऊन गेली आणि दार लावून घेतलं. बराच वेळ दोघी आत होत्या.