न लिहिलेल्या वह्या

लहान गावातले एखादे म्हातारे माणूस जाते, तेव्हा गावाची एक न लिहिलेली वहीच चितेवर चढते. आमच्या वाईचेच पाहा. लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश इथेच आकाराला आला. १९७६ साली पहिला खंड निघाला. जगातल्या थोरामोठ्यांच्या नोंदी त्यात झाल्या. पण यंदा गेलेल्या आमच्या सुईणआजींची नोंद कुठे असणार? अर्ध्या आळीचे पहिले रडणे त्यांनी ऐकले होते. कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हेही त्यांनाच आधी कळे.

त्यांच्यामागोमाग घाटाजवळचे आप्पा गेले. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची, पुराचे पाणी दुभंगावे म्हणून. हे पुस्तकात सापडते. पण कृष्णामाई कोणत्या पायरीला टेकली की धान्याची पोती माळ्यावर चढवायची, हे आप्पाच सांगत. आता पाणी चढले की विचारायचे कोणाला?

चौकातल्या फलकावर खडूने नाव, वय, अंत्ययात्रेची वेळ लिहितात; दुसऱ्या दिवशी पुसतात. तेव्हा या दिवाळीत गावी जाल, तर फराळाचे ताट घेऊन एखाद्या आजोबांच्या ओसरीवर घटकाभर टेका. बोलू द्या त्यांना. आणि हो, जाताना एक कोरी वही न्या.