आधी ऐकून घेणारे शेजारी

नवी मुंबईत वाडवडिलांचं घर दाखवणारा माणूस विरळा. आगरी-कोळी बांधव सोडले तर आम्ही बहुतेक जण इथं बाहेरून आलेले. १९७० साली सिडको स्थापन झाली, ९५ गावांच्या जमिनी संपादित होत गेल्या आणि त्यांवर सेक्टर उभे राहिले. सेक्टरला नंबर असतो, जात नसते, असं आम्ही दोघं नवरा-बायको मानत आलो. रायगडच्या आमच्या गावी मोहल्ला होता. नेरुळला आल्यावर शेजार मिळाला आणि त्याचं आम्हाला अप्रूप होतं. म्हणूनच २०२५च्या मार्चमध्ये जे घडलं ते जास्त लागलं.

नऊ वर्षं भाड्यानं काढल्यावर दोन खोल्यांचं एक जुनं घर पसंत केलं. टोकन दिलं. बँक कर्जाला तयार झाली. कुठल्या भिंतीशी कुणाचं टेबल, हेही मुलांनी ठरवून टाकलं. रमजानचा पहिला अशरा संपत आला होता, तेव्हा एजंटचा फोन आला, "मेंबर लोकांची हरकत आहे. तुम्ही समजून घ्या."

आम्ही समजलो. कारण लेखी मिळालं नाही. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं, एका समाजासाठी निघालेल्या संस्थेला सभासदत्व त्या समाजापुरतं राखता येतं, असा निकाल दिला आहे. पण या सोसायटीला तसा उपविधीच नव्हता. होती ती नुसती कुजबुज. कुजबुजीविरुद्ध दाद कुठं मागायची?

नातेवाइकांचे फोन येऊ लागले. "मुंब्र्याला बघा, आपल्या माणसांत राहा." "सब्र करा, यातच खैर असेल." त्यांची काळजी खरी होती. १९९२-९३च्या दंगलीनंतर किती कुटुंबं मुंबई सोडून मुंब्र्याला गेली, हे त्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलं आहे. पण नक्की काय झालं, हे कुणी पुरतं विचारलं नाही. सल्ला आधी आला.

विचारलं ते खालच्या मजल्यावरच्या मावशींनी. मावशी मूळच्या वसईच्या, कॅथलिक. त्या वर्षी आमचा रमजान आणि त्यांचा उपवासकाळ एकाच आठवड्यात सुरू झाला होता. इफ्तारच्या वेळी त्या डबा घेऊन वर आल्या. "फुगे केलेत. ताडी नाही हां यात, यीस्ट घातलंय," म्हणाल्या आणि आमचे चेहरे पाहून बसल्याच. "काय झालं? पहिल्यापासून सांगा."

आम्ही सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी एवढंच म्हणाल्या, "हे चूक आहे." इतक्या दिवसांत हे तीन शब्द आम्हाला कुणी ऐकवले नव्हते.

मावशींच्या चर्चमधली काही कुटुंबं आळीपाळीनं एकेकाच्या घरी प्रार्थनेला जमतात. "तुमची गोष्ट तिथं काढू का?" असं त्यांनी आधी आम्हाला विचारलं. मग एकेक जण येत गेला. केरळची एक नर्स ड्यूटीवरून परस्पर आली, आमच्या आईचं बीपी बघून गेली. मंगळुरूकडच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी सगळे कागद वाचले आणि टोकन परत कसं मागायचं ते लिहून दिलं. धर्माची गोष्ट कुणी काढली नाही. एकानं फक्त विचारलं, "आमच्या प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं तर चालेल ना?" दुवाला कोण नको म्हणेल?

ते अधिकारी आमच्याबरोबर सोसायटीच्या कमिटीकडेही आले. "व्यक्तिशः आमचं काही नाही," असं उत्तर मिळालं. टोकन पूर्ण परत आलं, घर गेलं. परतताना ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "वांद्र्याची साल्सेट कॅथलिक सोसायटी १९१८ची. नावातच कॅथलिक आहे. आम्हीही आपल्यापुरती घरं बांधलीच की. तिथं तुम्ही आला असतात तर मी काय बोललो असतो, याचा विचार करतोय." आमच्याही मनात आलं, मोहल्ल्यातलं घर परधर्मीयाला द्यायची वेळ आली, तर तिथंही बैठक बसतेच.

हबशाची हिजरत आपण लहानपणापासून ऐकतो. मक्केतला छळ असह्य झाला, तेव्हा सुमारे ६१५ साली काही मुसलमान समुद्र ओलांडून ख्रिस्ती राजा नजाशीच्या आश्रयाला गेले. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन मागोमाग पोहोचले, 'ही माणसं आमच्या ताब्यात द्या' म्हणाले. राजानं आधी निर्वासितांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकलं. हजरत जाफर यांनी सूरह मरियममधल्या आयती ऐकवल्या. ऐकून राजा रडला आणि त्यानं नजराणे परत पाठवले, अशी रिवायत आहे. नजाशी वारला तेव्हा पैगंबरसाहेबांनी मदिनेत त्याची गायबाना जनाजा नमाज पढवली.

ही कथा आपण त्याच्या न्यायासाठी सांगतो. आम्हाला आता तिच्यातलं आधीचं पाऊल मोठं वाटतं. राजानं निवाडा करण्यापूर्वी ऐकून घेतलं. मावशींकडे ना राज्य ना अधिकार. त्या आम्हाला घर देऊ शकत नव्हत्या. पण आमच्यावर अन्याय झाला आहे, हे त्यांनी आमच्या तोंडून ऐकलं आणि आपल्या माणसांत उघड सांगितलं. दुखावलेल्या माणसाला सब्र शिकवण्याआधी एवढं तरी मिळायला हवं.

ईदला शीरखुर्मा खाली गेला. गोड सोडलं होतं म्हणून मावशींनी तो ईस्टरपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवला. घर अजून मिळालेलं नाही. शोधतो आहोत, नेरुळमध्येच.