पंखा बंद, अर्गन चालू!

‘एप्रिलमध्ये केजला? वीकेण्डला?’ आमच्या ग्रुपला काही कळेचना. लोक अलिबागला जातात, फार तर महाबळेश्वरला. मी गेले मामाकडे, बीड जिल्ह्यातल्या केजला. वेल्डिंग शिकायला!

मामाचं वर्कशॉप म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या गाड्यांची डागडुजी हा त्याचा सीझन, ते काम साध्या रॉडवर होतं. पण त्याचा जीव कोपऱ्यातल्या एसी-डीसी मशीनवर. पुस्तकात त्याला टिग म्हणतात, बाजारात ‘अर्गन वेल्डिंग’. टंगस्टनच्या टोकाशी आर्क पेटतो, भोवती अर्गनचं कवच. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात भरायची तार, पायाखाली पेडल. १९४१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथनं हे तंत्र काढलं तेव्हा हेलियम वापरला होता. वाऱ्यानं ते कवच उडतं, म्हणून पंखा बंद. चाळीस डिग्रीत! वर जाड कॉटनचा फुल शर्ट, हातमोजे, हेल्मेट. स्पा वगैरे विसरा.

पहिला दिवस स्टीलच्या तुकड्यांवर गेला. टंगस्टन आणि धातूत दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवायचं. मी दर मिनिटाला टोक रसात बुडवायची, मग ग्राइंडरवर पुन्हा धार.

‘हात कामून थरथरायलाय?’ मामा म्हणाला आणि स्वतःच गप्प झाला. दोन वर्षांपासून त्याचा उजवा हात थरथरतो. मला बोलावलं कशासाठी, ते तेव्हा लक्षात आलं.

संध्याकाळी धनेगावला मांजरा धरणावर गेलो. हेच धरण आटलं म्हणून एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. वाटेत मामीनं सांगितलं, तालुक्यातल्या विडा गावात धुळवडीला जावयाची गाढवावरून मिरवणूक निघते. ‘तू आण, मग दावते!’ विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू दुधाची ॲल्युमिनियमची कॅन घेऊन आल्या. सांध्यातून गळत होती, संध्याकाळी डेअरीला दूध घालायचं होतं. मामानं टॉर्च माझ्या हातात दिला.

ॲल्युमिनियम फसवं. लाल होत नाही, काही सांगत नाही, एकदम खाली गळतं. धातू ६६० डिग्रीला वितळतो, पण वरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजारांच्या पुढे. म्हणून तो आधी स्टीलच्या ब्रशनं घासायचा, उरलेला एसी करंट फोडतो. मी घासलं, टाके मारले, पुढे सरकले आणि पेडल जास्त दाबलं. भोक! करंगळी जाईल एवढं.

काकू काहीच बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

मामा माझ्या मागे बसला. डाव्या हातानं माझं मनगट धरलं. ‘पाय उचल. तार दे. थांब. आता दे.’ भोकाच्या कडेनं थोडं थोडं भरत आलो. ओळ नागमोडी झाली, दिसायला अगदीच बेकार. त्याचा हात थरथरत होता की माझा, काचेआडून कळलं नाही.

ऑफिसात मी टेस्टिंग करते. टेस्टिंग इथेही होतंच. कॅन पाण्यानं भरून कोरड्या फरशीवर ठेवली आणि तिघंही खाली बघत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फरशी कोरडी.

काकू उठल्या, पाणी दारातल्या तुळशीला ओतलं. ‘झाकणाची कडी बी ढिली हाय गं माय. ती उद्या आणते.’