अडीच तासांचं विमान

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी किती जणींनी चुडावा पाहिलंय? पूर्णा आणि नांदेडच्या मधलं आमचं छोटंसं स्टेशन. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्सप्रेस इथून न थांबता जाते. कित्येक वर्षं मी ती नुसती पाहत आले. तिच्यात बसायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

मुलगा फौजेत. 2018 साली अमृतसरला होता, सूनही तिथंच. तिला आई नाही. नववा लागला की बाळंतपणाला मी जायचं, असं ठरलेलं. पण आठव्यातच, एका सोमवारी सकाळी मुलाचा फोन आला, "आई, हिला दवाखान्यात ठेवून घेतलंय. लवकर ये."

हे म्हणाले, "विमानानंच जा." 2017 च्या डिसेंबरातच नांदेड-अमृतसर विमान सुरू झालं होतं. गुरू गोविंदसिंगजींनी 1708 साली नांदेडला देह ठेवला. इथं हुजूर साहिब, तिकडे सुवर्णमंदिर, म्हणून ही दोन गावं जोडलेली. नाहीतर आमच्या नांदेडहून थेट पंजाबला कोण विमान सोडतंय!

दिरांनी हिशेब मांडला. विमान सरळ रेषेत जाणार, सुमारे चौदाशे किलोमीटर, वेळ अडीच तास. गाडी आधी पश्चिमेला मनमाडपर्यंत जाते, मग भुसावळ, भोपाळ, दिल्ली असा वळसा. दोन हजार किलोमीटर, दीड दिवस. मी डिंकाचे लाडू डब्यात भरता भरता ऐकत होते. (प्रवासाला लाडू नेताना थरांमध्ये कागद घाला, फुटत नाहीत.) मनात म्हटलं, चार माणसांचा स्वैपाक आवरेपर्यंत पंजाब!

पण विमान रोज थोडंच होतं? एकदम आठवड्याच्या शेवटी. म्हणजे शनिवारपर्यंत थांबा. मला विचाराल तर जिथं 'अडीच तास' छापतात, तिथंच 'आणि पाच दिवस वाट' हेही छापायला हवं. दीर म्हणाले, "वहिनी, आठव्यात एवढी घाई नसते." त्यांना काय माहीत, बाई! मी त्यांनाच तत्काळचं तिकीट काढायला पिटाळलं.

मंगळवारी नांदेडला गाडीत बसले. थोड्याच वेळात चुडावा आलं आणि गेलं. फलाटावर हे उभे होते. मी हात वर करेपर्यंत मागे पडले.

बुधवारी दुपारी दिल्ली मागे पडली आणि फोन वाजला. मुलगी झाली, दोन किलोलाही कमी, काचेच्या पेटीत ठेवलीय. पुढचे तास कसे काढले ते विचारू नका. रात्री दवाखान्यात पोचले तर सून भिंतीकडे तोंड करून पडलेली. "आत्याबाई, तुम्ही आलात?" एवढंच म्हणाली आणि इतका वेळ आवरलेलं रडू फुटलं.

शनिवारी, ज्या दिवशी मी विमानात बसणार होते त्या दिवशी, पोर पहिल्यांदा आईच्या पदराखाली गेली. तिला कसं धरायचं ते मी दाखवत होते.

येताना मात्र विमानानं आले, दोन महिन्यांनी. खरंच अडीच तासच लागले हो! नांदेडला चुडाव्याची पॅसेंजर मिळेपर्यंत तीन तास बाकावर बसून होते, लाडवांचा रिकामा डबा मांडीवर घेऊन.