साखर आधी

पुणे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. बेबीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा पोचले. आयरिश कॉफी करण्याचा तुझा प्रयत्न तीनदा फसला, तिन्ही वेळा वर ओतलेले क्रीम तळाशी गेले आणि पेल्यात गढूळ, तपकिरी असे काहीतरी उरले, हे वाचून वाईट वाटले; आणि ज्या लिमरिक परगण्यात हे पेय जन्मास आले तेथेच राहणाऱ्या भाचीने त्याची रीत पुण्यातल्या मामाला विचारावी, याचा अभिमानही वाटला. दोषाचे मूळ मला तुझ्या पत्राच्या शेवटच्या ओळीत सापडले. जावईबापूंना गोड वर्ज्य, म्हणून साखर घालत नाही, असे तू सहज लिहून गेलीस. अपराध त्या साखरेच्या गैरहजेरीचा आहे.

या कॉकटेलमध्ये साखर केवळ गोडीपुरती असते असे पुष्कळांना वाटते, आणि मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. परंतु सारा जन्म महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवण्यात गेल्यामुळे कोणतीही गोष्ट तोलून पाहिल्यावाचून मनाचे समाधान होत नाही, म्हणून एका संध्याकाळी दोन सारख्या काचपेल्यांत गरम कॉफी आणि व्हिस्की ओतून एकात साखर घातली, दुसरा बिनसाखरेचा ठेवला, आणि दोहोंवर एकाच भांड्यातले क्रीम एकाच चमच्याच्या पाठीवरून सोडले. पहिल्यात ते पांढऱ्या शुभ्र थराने स्थिर राहिले. दुसऱ्यात प्रथम मध्यभागी एक खळगा पडला, मग त्यातून पांढरे धागे हळूहळू खाली उतरू लागले आणि मिनिटाभरात वरखाली भेद उरला नाही. कारण उघड आहे. पाणी तापले की हलके होते. सत्तर अंशांवरच्या लिटरभर पाण्याचे वजन ९७८ ग्रॅमच भरते. व्हिस्की त्याहूनही हलकी, लिटरला सुमारे ९५० ग्रॅम. तेव्हा गरम कॉफी आणि व्हिस्की यांचे बिनसाखरेचे मिश्रण क्रीमपेक्षा हलके ठरते, आणि जड वस्तूने हलक्या द्रवावर तरंगावे, असा निसर्गाचा दस्तूर नाही. विरघळलेली साखर त्या मिश्रणाला वजन देते. घुसळताना शिरलेली हवा क्रीमला हलके करते. आणि या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच तो थर वर टिकतो. गोडीवाचून चालणारे लोक असतील, परंतु या पेल्यातल्या क्रीमचे साखरेवाचून चालत नाही.

तू या पेयाच्या जन्मगावी, फॉइन्सला, जाऊन आलीस, तेथले संग्रहालय पाहिलेस, म्हणून तेथली हकीकत तुला सविस्तर सांगण्याचे प्रयोजन नाही. शॅनन नदीच्या मुखाशी पाण्यावर उतरणारी ती अजस्र विमाने, महायुद्धाचा काळ, १९४३ सालच्या हिवाळ्यातली ती रात्र, खराब हवेमुळे अर्ध्या वाटेवरून माघारी आलेले, थंडीने काकडलेले उतारू, आणि त्यांच्यासाठी कॉफीत व्हिस्की घालणारा जो शेरिडन हा आचारी: एवढी कथा जगजाहीर आहे. मला अधिक हृद्य वाटतो तो तिचा उत्तरार्ध. सॅन फ्रान्सिस्कोतल्या ब्यूना व्हिस्टा या उपाहारगृहाचा मालक जॅक केपलर आणि स्टँटन डेलाप्लेन हा प्रवासलेखक हे दोघे १० नोव्हेंबर १९५२च्या रात्री हेच पेय साधण्याच्या खटपटीला बसले, आणि त्यांचेही क्रीम तुझ्याप्रमाणेच वारंवार बुडाले. केपलर त्यासाठी शॅननपर्यंत जाऊन आला. अखेर दुग्धव्यवसायात असलेल्या आणि पुढे त्या शहराचा महापौर झालेल्या जॉर्ज ख्रिस्तोफरने तोड सुचवली, ती अशी की क्रीम अठ्ठेचाळीस तास तसेच ठेवून मग बेताने फेसाळावे. शेरिडनही पुढे त्याच उपाहारगृहात नोकरीस गेला. तेव्हा तीन प्रयत्नांनी तू खचून जाण्याचे कारण नाही.

आता कृती. पेला आधी कढत पाण्याने भरून ठेवावा, कारण थंड काच कॉफीची बरीच ऊब खाऊन टाकते. पाणी टाकून त्यात दोन सपाट चहाचे चमचे तपकिरी साखर घालावी, तिच्यावर शंभर ते सव्वाशे मिलिलिटर दाट, कोरी कॉफी ओतावी आणि साखरेचा एक कणही तळाशी दिसेनासा होईपर्यंत ढवळावे. मी दाक्षिणात्य पितळी फिल्टरचा काढा त्यात पाणी घालून वापरतो, परंतु चिकोरीची भेसळ मात्र या पेयाला मानवत नाही. नंतर चाळीस मिलिलिटर व्हिस्की. ती कॉफीबरोबर विस्तवावर कधीही चढवू नये; मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांवर उकळतो आणि सुवास त्याच्याही आधी निघून जातो. आयर्लंडातली बहुतेक व्हिस्की तीनदा ऊर्ध्वपातन केलेली आणि म्हणून सौम्य असते. धुरकट वासाची स्कॉच येथे उपरी वाटते. तू गेल्या दिवाळीत आणलेली बाटली माझ्या कपाटात परवान्याच्या कागदाशेजारी आहे. १९४९चा दारूबंदीचा कायदा महाराष्ट्रात अद्याप अमलात असल्यामुळे तो कागद मी जपून ठेवतो.

खरे कौशल्य क्रीमचे. तापवलेल्या दुधावरची आपली साय येथे उपयोगी नाही, तिचे पापुद्रे ओतता येत नाहीत. इकडे दुकानात मिळणाऱ्या पंचवीस टक्के स्निग्धांशाच्या क्रीममध्येही हवा धरून ठेवण्याचे बळ नसते. पस्तीस टक्क्यांचे हवे, आणि ते भांड्यासकट गार हवे, कारण स्निग्धांशाचे सूक्ष्म गोळे थंडीत घट्ट असले तरच हवेच्या बुडबुड्यांभोवती कडे करून उभे राहतात. घुसळताना डोळा भांड्यावरून हलवू नये. प्रथम मोठे बुडबुडे येतात, ते लहान होतात, मग पृष्ठभागावर रवीची रेघ उमटून लगेच मिटते. तेथेच हात थांबवावा. रेघ मिटेनाशी झाली की ते क्रीम ओतण्याजोगे राहिले नाही, आणि त्यापुढे गेलीस तर लोणी निघेल. चमचा उलटा करून कॉफीच्या पृष्ठभागाला टेकवावा, त्याच्या पाठीवरून बोटभर जाडीचा थर सोडावा, आणि नंतर मुळीच ढवळू नये. गार क्रीममधून कढत कॉफी ओठांशी येते, त्यातच या पेयाचे सारे सुख आहे.

तुझ्या आजीची कॉफी तुला आठवते का? पाहुणे ओसरीवर बसले की ती सहाणेवर जायफळाचे दोन वळसे उगाळी, आणि पातेल्यात पाण्याबरोबर साखर आधी पडे, दूध सर्वांत शेवटी. त्या आठवणीने मी एकदा या क्रीमवर जायफळ किसून पाहिले. वास घरचा आला, परंतु व्हिस्की पार मागे सरली. तेव्हा जायफळ आजीच्याच कॉफीत राहू द्यावे, असे मी ठरवले. साखर आधी घालण्याचा तिचा क्रम मात्र येथेही जसाच्या तसा चालतो.

जावईबापूंना आपली साधी कोरी कॉफी द्यावी, त्यांच्यासाठी या पेल्याची साखर कमी करू नये. तुळशीबागेतून एक लहान लाकडी रवी घेऊन काल टपालाने रवाना केली आहे. यंत्रापेक्षा तिने हात वेळेवर थांबतो. जकातीच्या कागदावर मी ‘स्वयंपाकाचे लाकडी साधन’ असे लिहिले आहे. पोचल्याचे कळव.

कळावे. लोभ आहेच.

तुझा मामा