रोथॅम्स्टेडच्या शेतांत

लंडनच्या उत्तरेस, आगगाडीनें सुमारें अर्ध्या तासाच्या अंतरावर, हार्पेंडन नांवाचें टुमदार गांव आहे. तेथील रोथॅम्स्टेड कृषिसंशोधनसंस्था पाहण्याचा योग आम्हांस गेल्या उन्हाळ्यांत आला. पाहण्याजोगें म्हणजे गव्हाचें एक शेत; पण ‘ब्रॉडबाल्क’ नांवाच्या या शेतांत १८४३ सालापासून प्रयोग चालू आहे. एका पट्ट्यास तेव्हांपासून खताचा कणहि मिळालेला नाहीं. तेथील खुरटें पीक आणि शेजारचा भरदार गहू एकाच दृष्टिक्षेपांत दिसतात.

तें पाहतांना आम्हांस आमच्या तीर्थरूपांची आठवण झाली. कोंकणांतील आमच्या भातखाचरांत त्यांनीं सात वर्षें प्रयोग केले. एका सालीं शेणखत वाढविलें, दुसऱ्या सालीं लावणी आधीं केली, तिसऱ्या सालीं बियाणें बदललें. पण पाऊस दरसाल निराळा; त्यामुळें श्रेय कशाचें, हें त्यांस अखेरपर्यंत कळलें नाहीं.

एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, हा दंडक शास्त्रज्ञहि पाळीत. १९१९ सालीं रोथॅम्स्टेड येथें आलेल्या रोनाल्ड फिशर यांनीं १९२६ सालच्या लेखांत तो अमान्य केला. त्यांचे सहकारी फ्रँक येट्स यांनीं १९३७ सालीं अनेक गोष्टी एकदम पारखण्याची सांगोपांग रीत प्रसिद्ध केली.

पुढें ही रीत आणखी काटकसरीची झाली. सात गोष्टी पारखावयाच्या तर आठ वाफे पुरतात. प्रत्येक गोष्ट चार वाफ्यांत असावी, चारांत नसावी. आणि ती जेथें आहे त्या चारांत इतर प्रत्येक गोष्ट दोनदांच यावी. कोणता मेळ कोणत्या वाफ्यांत, हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. मग चारांची चारांशीं तुलना करतांना बाकीच्या सहांचा परिणाम दोहोंकडे सारखाच वांटला जातो. एकेक गोष्ट बदलून इतकीच खात्री मिळवावयाची तर बत्तीस वाफे लागतील! १९४६ सालीं प्लॅकेट व बर्मन यांनीं तर बारा प्रयोगांत अकरा गोष्टी पारखण्याची योजना मांडली.

मात्र एक सावधगिरी हवी. दोन गोष्टींच्या संगतीनें होणारा परिणाम इतक्या थोड्या वाफ्यांत तिसरीच्याच नांवावर जमा होऊं शकतो. म्हणून ही केवळ चाळणी. चाळून उरलेल्या दोनतीन गोष्टी पुन्हा पारखावयास हव्यात.

ही विद्या आपल्याकडेहि रुजली. डॉ. पानसे व डॉ. सुखात्मे यांचा शेतीसंशोधकांसाठीं लिहिलेला संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ सालीं निघाला. तो तीर्थरूपांच्या हातीं पडला नाहीं.

घरीं परतल्यावर आम्हीं त्यांची जुनी वही काढली आणि तिच्या कोऱ्या पानावर आठ वाफे आंखले. येत्या पावसाळ्यांत धाकट्या बंधूंच्या देखरेखीखालीं तेथें लावणी व्हावयाची आहे.