कंधारची वाट व मुलांचें मन

नांदेडहून लोह्यावरून कंधारास गेलें म्हणजे प्रथम पाहावयाचा तो राष्ट्रकूटकालीन भुईकोट किल्ला. तट, बुरूज, खंदक सारें आम्हीं यथासांग पाहिलें. परंतु वाचकांस सांगावयाचें आहे तें निराळेंच.

हैदराबाद संस्थान १९४८ सालीं भारतांत सामील झालें. निजामी अमलांत वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. खेड्यांतल्या मराठी मुलास हायस्कूल म्हणजे परक्याची देवडीच. पुढें भाई केशवराव धोंडगे यांनीं येथें श्री शिवाजी मोफत एज्युकेशन सोसायटी उभी केली. ‘मोफत’ हा शब्द नांवांतच घातला, हें आम्हांस फार आवडलें. फीच्या घोरानें मान खालीं घालून बसणाऱ्या मुलाला तेवढ्यानेंच केवढा धीर आला असेल!

आजचा घोर दुसरा आहे. या भागांतील तांड्यांवरचीं कितीएक कुटुंबें दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. मुलांची शाळा बुडूं नये म्हणून हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. पुष्कळ ठिकाणीं मूल जेवतें शाळेंत आणि निजतें आजीजवळ. सोय चांगली खरी. पण २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, आणि ही सोयही मुख्यत्वें त्याच वयाची. नववींतल्या मुलीनें काय करावें? आईबापांबरोबर फडावर जावें, नाहींतर बोहल्यावर चढावें!

आपल्या घरीं मुलगी दोन घांस कमी जेवली तर काकू विचारते, आत्या विचारते. येथें सहा महिने विचारणारी एक थकलेली आजी. मन दुखतें असें मूल म्हणत नाहीं. पोट दुखतें म्हणतें, आणि त्यावर ओंव्याची चिमूट मिळते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांत शेंकडा ७.३ जणांस मनाचा कांहीं ना कांहीं आजार आढळला होता. पोटदुखीच्या किती तक्रारी त्यांतल्या, कोण जाणे.

२०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी दूरध्वनिसेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठींतही बोलतां येतें, पैसा पडत नाहीं. वाटेंतील एका शाळेंत आम्हीं भिंती न्याहाळल्या. पाढे होते, सुविचार होते. हा क्रमांक नव्हता. गुरुजींना सांगतांच त्यांनीं खडू घेतला आणि फळ्याच्या कोंपऱ्यांत तो लिहिला. मागच्या बांकावरच्या एका मुलीनें तो हळूच वहींत उतरून घेतला.